रजा संपली, भाऊ परतला नाही : रगडा, शिक्षा आणि आमचे एकोणीस दिवस

शनिवार, १७ फेब्रुवारी २०२४. सकाळची शाळा सुटली होती. मी वह्यांचा गठ्ठा पिशवीत भरत होते, तेवढ्यात आबांचा फोन आला. "बाई, कोन्ही हिंदीमां बोली ऱ्हायना, माले समजत नही. तू बोल त्याच्याशी."

मी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडे फौजेच्या ट्रेनिंग कंपनीतले हवालदार होते. बोलणं अदबीचं होतं. माझ्या धाकट्या भावाला १५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं होतं आणि तो पोहोचला नव्हता. घरून निघाला का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. निघाला होता. आजीचा तेरावा झाला त्याच दिवशी, १४ तारखेला संध्याकाळी, आबांनी स्वतः त्याला अमळनेर स्टेशनवर सोडलं होतं. भुसावळला जाऊन तिथून पुढची गाडी धरायची, हे ठरलेलं होतं.

हे सगळं आता लिहायचं कारण सांगते. गेल्या वर्षभरात आमच्याच भागातल्या दोन घरांनी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून मला फोन केले. दोन्ही घरं आमच्यासारखीच गांगरलेली. पोरगा पळून आला, पोलीस येतील का, नोकरी जाईल का, कुणाला पैसे द्यायचे का. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवलेलं बरं. भावाला विचारूनच लिहिते आहे. त्याचं नाव, गाव आणि ज्या केंद्रात तो होता त्याचं नाव मात्र कुठेही येणार नाही.

भाऊ नोव्हेंबर २०२३ मध्ये अग्निवीर म्हणून भरती झाला. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर चारातला जास्तीत जास्त एक जण कायम होतो. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० निधीत जमा होतात आणि २१,००० हातात येतात. कोरडवाहू कपाशीच्या घरात ही रक्कम काय असते ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. बोरी नदीच्या पात्रात तीन वर्षं पहाटे पळून त्याने ही भरती मिळवली होती. गावात बॅनर लागला होता. म्हणून तर आम्ही चार दिवस कुणाला काही सांगितलं नाही. ही आमची पहिली चूक. त्या चार दिवसांत नुसती धाकधूक झाली, हाती काही लागलं नाही. आई देवघरासमोर बसून राहायची आणि मधूनच म्हणायची, "मना बापू कथा गया वं माय?" (माझा बापू कुठे गेला गं माय?)

२१ तारखेला रात्री त्याचा फोन आला, दुसऱ्याच्या नंबरवरून. सुरतजवळ उधन्याला होता. अमळनेरच्या फलाटावर भुसावळकडे जाणारी गाडी येऊन गेली, तो बाकावर बसून राहिला, आणि मागून सुरतकडे जाणारी आली तिच्यात चढला. सुरतेत आपलं अर्धं खान्देश राहतं. वर्गातला एक मित्र तिथे साड्यांच्या पॅकिंगला होता, त्याच्या खोलीवर तो उतरला होता. "आक्का, मी परत जाणार नाही," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या सुभेदार नानांकडे गेले. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, त्यातली काही वर्षं स्वतः रंगरूट, म्हणजे नवी भरती झालेली पोरं, शिकवण्यात गेलेली. मला वाटलं नाना विचारतील, का पळाला? त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

मी म्हटलं, आज सातवा.

"मग वेळ आहे. तिसाच्या आत पोराला उभं कर."

तीस दिवसांचा अर्थ मला नंतर कळला. सेना अधिनियम १९५० हा कायदा सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. मी त्यातली लागणारी पानं गावातल्या सायबर कॅफेतून छापून घेतली, ६० रुपये झाले. इंग्रजी जड आहे, पण शब्दकोश घेऊन बसलं तर लागतं. कलम ३९ विनापरवाना गैरहजेरीचं आहे. रजा संपूनही पुरेशा कारणाशिवाय हजर न होणं याच कलमात येतं, आणि कोर्ट मार्शल झालं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम १०६ म्हणतं की गैरहजेरीला तीस दिवस झाले की चौकशी अदालत बसवायची, आणि तिने गैरहजेरी नोंदवल्यावरही तो हजर झाला नाही की त्या माणसाला पळपुटा धरलं जातं. म्हणजे तीस दिवसांच्या आतला 'उशीर झालेला' आणि नंतरचा 'पळालेला', हा फरक कागदावर पडतो. आपला पोरगा अशा ठिकाणी असेल तर आधी बोटांवर दिवस मोजा. रडायला वेळ मिळतोच.

२४ तारखेला टपालाने केंद्राचं पत्र आलं. २७ तारखेला ठाण्यातून हवालदार आले. माणूस पळाला तर कमांडिंग ऑफिसरने मुलकी यंत्रणेला लेखी कळवायचं, हे कलम १०५ मध्येच आहे, त्यामुळे घरी पोलीस आले म्हणजे पोरावर गुन्हा दाखल झाला असं समजून घाबरू नका. ते ओट्यावर बसले, चहा घेतला, आबांचा जबाब लिहिला. नानांनी आधीच बजावलं होतं की खोटं एक अक्षर बोलायचं नाही. आबांनी सांगितलं, "पोरगा सुरतले शे, बहीण आनाले जाई ऱ्हायनी." हवालदारांनी तसंच लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी तालुक्याच्या गावचा एक माणूस कुठून तरी वास लागल्यासारखा आला. वरपर्यंत ओळख आहे, ४०,००० द्या, केस मिटवतो, म्हणाला. आबा कपाशीचे पैसे काढायला निघाले होते. नानांनी त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं. असा माणूस तुमच्याकडेही येईल. पैसे देऊ नका. तुमच्या पोराला स्वतःच्या पायांनी गेटवर जायचं आहे, आणि त्याला कुणाची ओळख लागत नाही.

१ मार्चला किरकोळ रजा टाकून मी सुरतला गेले. जाताना आई म्हणाली, "रागे भरू नको. त्याले काय व्हयनं ते पह्यले इचार." खोलीत सहा पोरं राहत होती. भाऊ एका कोपऱ्यात साड्यांचे खोके बांधत होता. केस बारीक कापलेले, खांदे ताठ, आणि मी उजव्या बाजूने हाक मारली तर त्याने पटकन मान वळवून डावा कान पुढे केला. तेव्हाच माझ्या पोटात धस्स झालं.

परतीची गाडी नंदुरबारवरून येते, साडेचार-पाच तासांचा प्रवास. बारडोली गेल्यावर तो बोलायला लागला. मी शिक्षिका आहे, लिहून घ्यायची सवय आहे. पर्समधल्या हजेरीच्या वहीची मागची पानं काढली आणि तो सांगेल तसं लिहीत गेले.

सुरुवातीला सगळं एकाच ढिगात होतं. रविवारी बाकीचे कपडे धुतात तेव्हा त्याला तासभर ड्रिल करायला लावलं, कारण चालताना हात खांद्याच्या रेषेत येत नव्हता. रायफल साफ नव्हती म्हणून चार वेळा परत पाठवलं. उस्ताद, म्हणजे शिकवणारे, नळीत डोळा घालून बघायचे आणि म्हणायचे, "फिर से." चौथ्यांदा रात्रीचे नऊ वाजले. फॉलइनला, म्हणजे रांगेतल्या हजेरीला, दोन मिनिटं उशीर झाला म्हणून मैदानाला तीन चकरा आणि वीस पुशअप. हे सांगतानाही त्याचा आवाज चढलेला होता. मग तो थांबला, खिडकीबाहेर बघायला लागला, आणि खालच्या आवाजात जानेवारीतल्या त्या रात्रीचं सांगितलं.

प्लाटूनच्या, म्हणजे त्यांच्या तुकडीच्या, बराकीत मोबाइल सापडला. रंगरुटाला ठरलेल्या वेळेशिवाय मोबाइल वापरता येत नाही, तो जमा असतो. हा जादाचा, लपवलेला होता. कुणाचा, ते कुणी बोललं नाही. रात्री साडेदहाला एका एनसीओने (नाईक-हवालदार दर्जाचा माणूस) सगळ्या प्लाटूनला बाहेर काढलं आणि खडीच्या रस्त्यावर फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्या, सुरू केले. दीड वाजेपर्यंत. पाणी नाही. थंडीत अंगावर बनियन. कोपरं सोलली, गुडघे सोलले. एक मुलगा, बिहारचा, भावाच्या शेजारच्या खाटेवरचा, त्याच्या कोपराचं मांस दिसायला लागलं. तेव्हा भाऊ उठून म्हणाला, मोबाइल माझा आहे. त्या एनसीओने उघड्या हाताने त्याच्या उजव्या कानावर मारलं. दोनदा.

मोबाइल त्याचाच होता. आजी आजारी होती म्हणून लपवला होता.

मी विचारलं, त्या मारामुळे पळालास? तो म्हणाला, "नाही आक्का. मार नाही लागला. नंतर कुणी बोलेना." चाळीस पोरांनी तीन तास खडीवर अंग सोलून घेतलं ते याच्या मोबाइलपायी. दुसऱ्या दिवसापासून लंगरमध्ये, म्हणजे जेवणाच्या जागी, याच्या शेजारी कुणी ताट घेऊन बसेना. आजी गेल्याचा निरोप आला तेव्हाही कुणी खांद्यावर हात ठेवला नाही.

दोंडाईचा स्टेशन आलं तरी आम्ही दोघं गप्प होतो.

त्या रात्री नानांनी माझी वही वाचली. चष्मा कपाळावर सारून ते बराच वेळ बसले. मग त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या पानावर खुणा करत गेले. रायफलपाशी आणि रविवारच्या ड्रिलपाशी त्यांनी बरोबरची खूण केली. "याला सुधारणा म्हणतात. हात वर येत नाही तर हाताचंच काम दिलं. नळी घाण होती तर नळीच साफ करायला लावली. ज्या क्षणी जमलं त्या क्षणी संपलं. पोराला त्रास झाला, पण त्या त्रासाला तोंड होतं, ते चुकीकडे होतं." उशिराच्या चकरांपाशी त्यांनी पेन अडवून धरलं. म्हणाले, इथे माणसामाणसात मतभेद होईल. पळणं आणि उशीर यांचा तसा संबंध नाही. पण थोडक्यात आहे, दिवसाउजेडी आहे, उस्तादासमोर आहे, आणि संपून जातं. ते म्हणाले, मी स्वतः त्याला पंधरा मिनिटं आधी फॉलइन व्हायला लावलं असतं, आठवडाभर.

खडीच्या रात्रीवर मात्र त्यांनी आडवी रेघ ओढली. ही सुधारणा नव्हती. मोबाइल लपवण्याची खोड फ्रंट रोलने जात नाही. आणि शिक्षा म्हणावी तर शिक्षेचा रस्ता कायद्यात आखलेला आहे : आरोप लिहून काढायचा, कमांडिंग ऑफिसरपुढे उभं करायचं, ऐकून घ्यायचं, मग कलम ८० मध्ये जे आहे तेच द्यायचं. लष्करी कोठडीत कैद किंवा डिटेन्शन २८ दिवसांपर्यंत, लाइनबंदी (आवाराबाहेर जायची मनाई) २८ दिवसांपर्यंत, जादा गार्ड किंवा ड्यूटी, ताकीद, एका महिन्यात चौदा दिवसांच्या पगाराइतका दंड. यात फ्रंट रोल नाही, रात्रभर उभं करणं नाही, एकाच्या चुकीसाठी चाळिसांना काही करणं तर नाहीच. 'रगडा', म्हणजे कागदावर न घेता अंगमेहनतीने दिलेली शिक्षा, हा शब्द या कायद्यात कुठेच येत नाही. कानावर मारणं यासाठी वेगळं कलम आहे, ४७. हाताखालच्या माणसाला मारलं किंवा वाईट वागवलं तर सात वर्षांपर्यंत कैद.

मी चिडून म्हटलं, मग हे चालतंच कसं?

नानांचं उत्तर मला सोपं वाटलं नाही, आजही वाटत नाही. ते म्हणाले, "पोरगंच म्हणतं, उस्ताद, पेन चालवू नका, रगडा घ्या." कागदावर शिक्षा झाली की ती शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदींमध्ये, चढते. जड शिक्षा लाल शाईने. ती नोंद पुढे बढतीच्या वेळी, कायम होण्याच्या वेळी समोर येते. घाम वाळून जातो, शाई राहते. चांगला उस्ताद एखाद्या पोराचं रेकॉर्ड वाचवण्यासाठीच त्याला कागदावर घेत नाही. नानांनीही तसं केलं होतं, अनेकदा, आणि त्यातले काही पुढे सुभेदार झाले. "पण बाई, कागद नसला की हद्दही नसते. दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नसते. आणि रगडा घेऊनही तो मोबाइलचा गुन्हा कागदावर तसाच शिल्लक, उद्या कुणी आरोप लावला तर परत शिक्षा. पोरगा म्हणेल मी भोगली. कुठे लिहिलीय?"

जाताजाता त्यांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यायला सांगितली : त्या रात्रीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली होती का? ताकदीबाहेर बैठका, रोल, तेही पाण्याशिवाय, असं झालं की स्नायू फुटतात आणि ते मूत्रपिंडावर येतं. भावाला तसं झालं नव्हतं. पण तुमच्या मुलाने असं काही सांगितलं तर तो प्रश्न शिस्तीचा राहत नाही, त्याच तासाला डॉक्टरकडे न्यायचं.

त्या रात्री मला झोप आली नाही, त्याला माझंही कारण होतं. आमच्या शाळांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ लागू आहे. मुलाला शारीरिक शिक्षा नाही, मानसिक त्रास नाही. मी ते प्रशिक्षणात शिकले आणि तरीही काही वर्षांपूर्वी एका मुलीला गृहपाठ न केल्याबद्दल मधल्या सुट्टीभर दारात उभं केलं होतं. तिची वही त्याने पूर्ण झाली नाही, दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही एवढंच झालं. आमच्या अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात सानेगुरुजी होते, मुलांनी पसरलेल्या खोल्या ते स्वतः आवरून ठेवायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. फौजेत तसं चालणार नाही, मला कळतं. तिथे आळशी पोराच्या न साफ केलेल्या रायफलमुळे शेजारचा मरू शकतो. म्हणूनच ती "फिर से" मला चार वेळाच काय, दहा वेळाही मान्य आहे.

२ मार्चला जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. तपासणी ५०० रुपये, ऐकू येण्याची चाचणी ७००. पडद्याला भोक होतं, कडा भरून यायला लागल्या होत्या. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, बहुतेक आपोआप भरेल, म्हणाले. कागदावर तारीख, कोणता कान आणि मुलाने सांगितलेलं कारण हे तिन्ही लिहून घ्या. आम्ही कारण लिहून घ्यायचं विसरलो होतो, जिन्यावरून परत वर गेलो.

४ मार्चच्या रात्री भुसावळहून गाडी. मी, भाऊ आणि आबा. नानांनी पिशवीत काय असावं ते सांगितलं होतं : रजेचं मूळ प्रमाणपत्र, ओळखपत्र, आजीच्या मृत्यूचा दाखला, डॉक्टरचे कागद, आलेलं पत्र, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. पूर्ण रात्र भाऊ वरच्या बर्थवर जागाच होता, पाय हलताना दिसायचे.

५ मार्च, सकाळी दहा. गेटवर पोहोचलो तेव्हा मला वाटलं त्याला दंडाला धरून ओढत नेतील. तसं काही झालं नाही. संत्रीने नाव विचारलं, रजिस्टरात लिहिलं. मी विनंती केली की तारखेबरोबर वेळही लिहा आणि 'स्वतःहून हजर' असं लिहा. त्याने आतल्या जेसीओंना (सुभेदार दर्जाचे अधिकारी) विचारलं आणि लिहिलं. ही नोंद फार कामाची असते, विसरू नका. मग भाऊ आत गेला. मागे वळून बघितलं नाही. त्याला क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीत, ठेवलं होतं, ते नंतर कळलं.

आम्ही मुलाखतीच्या खोलीत दुपारी चारपर्यंत बसलो. एक सुभेदार साहेब आले, आबांना "बाबा, पाणी घेतलं का" विचारलं. ते साताऱ्याकडचे, मराठीत बोलले. मी कानाचे कागद पुढे केले. त्यांनी बघितले आणि स्पष्ट सांगितलं, "ताई, हे तुम्ही ठेवा. तक्रार त्याची आहे, त्यानेच करायची. तुमच्या पत्राने फार काही होणार नाही." मला राग आला, वाटलं टाळताहेत. पण ते बरोबर होते. कलम २६ मध्ये जवानाला स्वतःच्या वरिष्ठाविरुद्ध कंपनी कमांडरकडे तक्रार करता येते, आणि ती मिळाली की शक्य तितकी पूर्ण चौकशी करणं त्या अधिकाऱ्याला भाग आहे. घरच्यांना ते दार नाही. खोटा आरोप करणं हाही कलम ५६ खाली गुन्हा आहे, म्हणून जेवढं झालं तेवढंच लिहायचं. सुभेदार साहेबांनी कागदाच्या प्रती त्याच्यापर्यंत पोहोचवल्या. दुसऱ्याच दिवशी त्याला सिक रिपोर्ट करून, म्हणजे आजारी म्हणून नोंदवून, लष्करी रुग्णालयात पाठवलं. तिथल्या नोंदीला पुढे जास्त वजन आलं, जळगावच्या कागदाला तेवढं नाही.

तिथल्याच लॉजवर दोन रात्री काढून आम्ही परतलो. ८ मार्चला महाशिवरात्र होती, आईचा उपवास चार दिवस आधीपासूनच चालू होता.

पेशी, म्हणजे कमांडिंग ऑफिसरपुढची सुनावणी, १२ मार्चला झाली. घरच्यांना तिथे प्रवेश नसतो, त्यामुळे पुढचं भावाने सांगितलेलं. टोपी आणि बेल्ट बाहेर काढून ठेवायला लावतात. बेल्टशिवाय पँट सैल होती, ती घसरेल ही भीती त्याला सगळ्यात जास्त वाटत होती. "लेफ्ट-राइट" करत आत, सावधान. आरोप वाचला : कलम ३९, रजेहून जास्त दिवस राहणं. सेना नियम १९५४ मधला नियम २२ सांगतो की आरोपाची सुनावणी आरोपीच्या समोरच व्हायला हवी, त्याला साक्षीदाराला प्रश्न विचारायची, स्वतःचे साक्षीदार आणायची आणि स्वतःचं म्हणणं मांडायची मोकळीक हवी. नानांनी त्याला हे तीनदा पाठ करून घेतलं होतं. कमांडिंग ऑफिसर साहेबांनी खरोखरच विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे का? तो म्हणाला, नाही साहेब, मी चुकलो, उशीर माझाच. मग विचारलं, का? तेव्हा त्याने मोबाइलपासून सगळं सांगितलं. स्वतःचा मोबाइल होता हेही.

साहेबांनी मधेच थांबवून क्लार्कला सांगितलं, ही दुसरी बाब आहे, वेगळी घ्या. गैरहजेरीसाठी चौदा दिवस लाइनबंदी दिली. शिवाय गैरहजर दिवसांचा पगार कापला. तो कलम ९१ प्रमाणे कापतातच, ती वेगळी शिक्षा नाही. पुढचे चौदा दिवस दिवसातून ठरलेल्या वेळी डिफॉल्टर, म्हणजे शिक्षा झालेला, म्हणून हजेरी, बाहेर जाणं नाही, कॅन्टीन नाही. पंधराव्या दिवशी संपलं. भाऊ फोनवर म्हणाला, "आक्का, हलकं वाटतंय. कधी संपणार ते माहीत होतं ना."

त्याने १४ मार्चला लेखी तक्रार दिली. चौकशीत त्याच्या प्लाटूनमधल्या नऊ पोरांचे जबाब झाले. एप्रिलच्या शेवटी त्या एनसीओला प्रशिक्षणाच्या कामावरून काढून त्याच्या युनिटला परत पाठवलं, एवढं आम्हाला कळलं. त्याला शिक्षा काय झाली ते आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. आबांची इच्छा होती विचारायची. नाना म्हणाले, त्याची पेशी त्याच्या साहेबासमोर, तुमच्यासमोर नाही.

ज्याची आम्ही तयारीच केली नव्हती ते पुढे आलं. बुडालेलं प्रशिक्षण आणि कानामुळे बंद असलेलं फायरिंग यामुळे त्याला मागच्या तुकडीत टाकलं. याला रेलिगेट करणं म्हणतात. कागदोपत्री ही शिक्षा नाही, शिकायचं राहिलं ते पुन्हा शिकवणं आहे, आणि खरं सांगायचं तर योग्यच आहे. पण भाऊ त्या दिवशी फोनवर पहिल्यांदा रडला. लाइनबंदीत रडला नव्हता. सोबतची पोरं जूनमध्ये कसम परेड, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरची शपथेची परेड, करून निघून गेली आणि हा नव्या पोरांबरोबर पुन्हा पहिल्या ड्रिलपासून. तुमच्या घरात असं झालं तर त्या महिन्यात त्याला जास्त फोन करा. आणि "बरं झालं, नोकरी वाचली" एवढंच म्हणत बसू नका, आम्ही तेच करत होतो.

एकूण खर्च साधारण ११,००० झाला : तिघांची भाडी, लॉज, डॉक्टर, झेरॉक्स. पगार कापला तो वेगळा. माझ्या पाच किरकोळ रजा गेल्या.

डिसेंबर २०२४ मध्ये त्याची कसम परेड झाली. कानाचा पडदा भरला आहे, चाचणीत डाव्या-उजव्यात किंचित फरक येतो.

जानेवारीत तो सुट्टीवर आला तेव्हा भरिताचे दिवस होते. मळ्यात पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला लावली होती, आई कळण्याच्या भाकरी थापत होती, गल्लीतली भरतीची तयारी करणारी पोरं त्याच्याभोवती बसली होती. त्याचा फोन वाजला. नंबर बघून तो उठला आणि बांधाकडे गेला. हिंदीत बोलत होता, पहिल्यांदा तुटक, मग बराच वेळ. मी भाकरी द्यायला गेले तेव्हा एवढंच ऐकू आलं : "पहले ये बता, कोहनी कैसी है तेरी?"